फोटोत न येणारा उजेड

प्लग काढ, आणि मग थांब.
आबिलियोमामाने मला शिकवलेलं हे पहिलं वाक्य.
प्लग काढला तरी स्ट्रोबच्या पोटात वीज राहते,
कपॅसिटर डूख धरून बसतो.
म्हणून मी आधी केटली लावते,
चहा होतो, पिऊन होतो,
तेव्हा कुठे स्क्रूड्रायव्हर हातात घेते.

जानेवारीतलं गिमाराईंश.
बाहेर ग्रॅनाइटला घाम फुटलाय,
आत माझ्याच श्वासाची वाफ दिसते.
इथे घर कुणी तापवत नाही,
अंगावर आणखी एक स्वेटर चढवतात.

काचेचा घुमट तीन स्प्रिंगांनी धरलेला.
काढला, तर आत एक पतंग, वाळून कागद झालेला,
पोर्सेलीनचं काळवंडलेलं सॉकेट,
आणि झाकणाच्या आतल्या अंगाला मामाची पेन्सिल:
३ फेब्रुवारी ९१. १७ ऑक्टोबर ९६. ९ मे २००४.
दिवा बदलल्याच्या तारखा.
मधल्या तारखेपुढे लिहिलंय, उधारीवर.

प्रत्येक डोक्यात दोन उजेड.
वेढा घालून बसलेली फ्लॅशची नळी,
तिचं काम पापणी लवायच्या आत संपतं
आणि फोटो तिचा.
मधला हा दिवा नुसता सांगतो
नाकाची सावली कुठे पडेल,
गाल किती खोल जाईल,
चष्म्यात सॉफ्टबॉक्सची खिडकी उमटेल का.
शटर उघडतं तेव्हा याचा उजेड हिशेबातच नसतो.
मिरवते ती, राबतो हा.

अडीचशे वॅटचा असा दिवा आता बनत नाही.
पोर्तूच्या दुकानात फिर्मिनो म्हणाला,
शेवटचे दोन होते, ते एका नाटकवाल्याने नेले.
मग काउंटरवर एलईडी ठेवला.
"तीस वॅट. उजेड जवळपास तेवढाच.
हात लावून बघा, पोळत नाही."
मी लावला. खरंच पोळला नाही.
मामा जुन्या दिव्याला उघड्या बोटांनी शिवत नसे,
बोटाचं तेल लागलं की काच तिथूनच तडकते म्हणायचा.
त्यासाठी इस्त्रीचा रुमाल वेगळा.
रुमाल अजून ड्रॉवरमध्ये आहे.
त्याने आता मी लेन्सही पुसत नाही.

नव्याच्या खोड्या नव्या.
मान लांब, घुमट बसेना. दुसरा आणला, बुटका.
जुना डिमर खाली आणला की फडफडतो,
म्हणून बटण पार टोकाला नेऊन चिकटपट्टी मारली.
उजेड पांढरा, जरा दवाखान्यातला,
पण सावली जागच्या जागी पडते,
तक्रारीला जागा नाही.
आणि फ्यूज उडत नाही,
तिन्ही डोकी पेटवून वर केटली लावली तरी.
मामाच्या शेवटच्या तारखेखाली मी आजची लिहिली.

गुरुवारी दोना एर्मेलिंदा आली.
वर्षाला एक फोटो, लक्झेंबर्गच्या मुलाला पाठवायला.
नेहमीसारखा कोट काढला,
स्टुलावर बसली, सांगायच्या आधीच मान वळवली,
आणि दोन्ही तळवे दिव्याकडे धरले.
धरूनच राहिली.
पहिल्या कम्युनियनच्या पोरीही असंच करायच्या
पातळ पांढऱ्या झग्यांत, दातावर दात वाजत.
मांजरही याच वर्तुळात झोपायचं.

"दिवा बिघडलाय का गं?"
"नाही. नवा बसवलाय."
"हो? मग पेटव ना."

पेटलेलाच होता.

मी केटली रबरी पिशवीत रिकामी केली,
टॉवेलात गुंडाळून तिच्या मांडीवर ठेवली.
तिने हात तिच्यावर टेकवले, खांदे खाली आले.
कॅमेरा जरासा वर उचलला मी.
लक्झेंबर्गला फोटो
कमरेवरचाच जातो.